बर्फातली ओटी

"तुझी माणसं गारठून मरायला टेकलीत," निनाद फोनवर म्हणाला, "आणि तू त्यांना ओटी बांधून देतेयस."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे नीट पाहिलं. चहूकडे बर्फ, वर काळं आभाळ, आणि त्यात माझ्या घराच्या पुढच्या अंगाला तिन्ही बाजूंनी उघडी, ऐसपैस, बाकडी टाकलेली ओटी. आमची पाचही माणसं तिथे बसून जेवत होती. दोघांची बोटं निळी पडली होती आणि एक जण जेवताजेवताच आडवा झाला होता.

"ओटी नको, तर माणसं बसणार कुठे?" मी विचारलं.

"आत."

"आणि कोणी आलं गेलं तर?"

"शर्वरी, हा परग्रह आहे. इथे पाहुणे येत नाहीत. आलेच तर गोळ्या घालतात."

माझ्यामागे कॉटवर आई पावटे सोलत बसली होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे तिला सगळं ऐकू जात होतं. "त्यांना सांग," ती हळू आवाजात म्हणाली, "ओटी नसलेलं घर म्हणजे कोठार." मी ते सांगितलं नाही. ओटी मात्र मुकाट्याने पाडली.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते आणि निनाद रेडीज नावाच्या, नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ मला आलं होतं. त्याचे आईवडील देवरुखला थोरल्या भावाकडे होते. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून होकार आला, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची होती. मधल्या काळात मुलामुलीने फोनवर बोलावं, एकमेकांना ओळखावं, असं मोठ्यांनीच ठरवून दिलं होतं. आम्ही बोललो. जेवलीस का, काय जेवलीस, भाजी कसली होती. भाजीनंतर दोघेही गप्प. मग एके दिवशी त्यानेच सुचवलं की, आपण त्यापेक्षा एक खेळ खेळू या का?

वस्ती उभारायचा खेळ होता तो. पाच माणसं एका ओसाड, बर्फाळ ग्रहावर येऊन पडतात. त्यांना निवारा द्यायचा, खाऊपिऊ घालायचं, ऊब पुरवायची. प्रत्येकाच्या डोक्यावर मनाची एक पट्टी असते. झोपमोड झाली, जमिनीवर बसून जेवावं लागलं, खोली कोंदट असली की पट्टी खाली येते. फारच खाली आली की माणूस खुळावतो, भांडी फोडतो, नाहीतर सरळ बर्फात चालायला लागतो. निनाद हा खेळ कॉलेजपासून खेळत होता. शेती, शिकार आणि पहारा त्याने स्वतःकडे घेतला आणि राहण्याची व्यवस्था माझ्यावर सोपवली, कारण पाहण्याच्या कार्यक्रमात आवडीनिवडी विचारल्यावर मी घाबरून "घर लावायला आवडतं" असं ठोकून दिलं होतं.

घर मी लावलं, पण ते आमच्या चिपळूणच्या घरासारखं. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग पडवी, सगळं एकामागे एक. डॉक्टरला पाणी प्यायला जायचं तर शिकाऱ्याच्या बिछान्यावरून जावं लागे आणि शिकाऱ्याची झोप मोडे. सुतार उठला की सगळे उठत. संडास मी परसात, विहिरीपलीकडे काढला होता, कारण तो घराला चिकटून असतो ही कल्पनाच मला सुचली नव्हती. त्यामुळे आमची माणसं हिमवादळात रांगेने परसाकडे जात आणि त्यातली काही परत येत नसत. मग त्यांना शोधून, उचलून आणावं लागे. निनादने हात टेकले, पण रागावला नाही. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या, टोकाला न्हाणीघर, अशी रचना त्याने मला शिकवली. आईला मी वर्णन करून सांगितलं, तेव्हा तिने नाक मुरडलं. "हे घर आहे की लॉज?" ती म्हणाली.

आईला वर्णन करून सांगावं लागे, कारण तिला दिसत नव्हतं. काचबिंदू. डोळ्यांत औषध पडायला लागेपर्यंत बरंचसं गेलेलं होतं आणि उरलेलं हळूहळू गेलं. आयुष्यभर बायकांची पोलकी शिवलेली बाई, आता तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळे. तरी आमच्या घरात ती बिनघोर वावरायची. भिंतीला डावा हात लावून निघाली की बरोबर हवं तिथे पोचायची. त्या घरात तिसरं कोणी नव्हतं. मी लग्न करून गेले की ती एकटीच राहणार होती.

हे मी लपवून ठेवलं नव्हतं. आधीच्या दोन स्थळांना स्वच्छ सांगितलं होतं की आई माझ्याबरोबर राहील. दोन्ही ठिकाणी आधी जुळलेल्या पत्रिका लगेच जुळेनाशा झाल्या. म्हणून या वेळी सदूमामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. रेडीज मंडळी आली तेव्हा त्याने आईला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवलं आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. पाहुण्यांना सांगितलं, ताईला जरा बरं नाही. आई तासभर आवाजाच्या दिशेने बघून हसत राहिली आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मला मामाने दम भरला होता की, अक्षता पडेपर्यंत तोंडाला कुलूप. लग्नानंतर आईला लांज्याला मावशीकडे ठेवू, तू महिन्यातून फेरी मार. मावशीचं घर भरलेलं, तिची सून फटकळ. तरी आई म्हणाली, चांगलं आहे की लांजा, मला चालेल.

मला चालणार नव्हतं. पण गप्प राहीन असा शब्द आईने माझ्याकडून घेतला होता. निनादशी काहीही बोलायला गेलं की गाडी आईपाशीच यायची आणि मी गप्प व्हायचे. म्हणून तो खेळ मला फार बरा वाटला. तिथे घराबद्दल तासन्‌तास बोलता येई आणि आपल्या घराबद्दल अवाक्षर काढावं लागत नसे.

आता पाचव्या माणसाबद्दल सांगायला हवं. चौघं कामाची होती आणि पाचवी एक म्हातारी होती, कमरेतून अधू. तिला शिकार येत नव्हती, झाडं तोडता येत नव्हती. काठी टेकत चुलीपर्यंत जायची आणि सावकाश काहीतरी शिजवायची. ताटभर जेवायची मात्र इतरांएवढंच. हिला बरोबर का आणली, असं मी निनादला विचारलं, तर तो म्हणाला, असते कधीकधी अशी.

एका रविवारी दुपारी व्यापाऱ्यांचा तांडा आमच्या वस्तीवर आला. त्यांनी म्हातारीला घेऊन जायची तयारी दाखवली. बदल्यात ते आम्हाला एक मोठी शेगडी देणार होते. आमच्याकडे उबेची मारामार होतीच.

"राहण्याचं खातं तुझं," निनाद म्हणाला. "तू ठरव."

"कुठे नेतील हिला?"

"माहीत नाही. नकाशाबाहेर गेल्यावर खेळ काही सांगत नाही."

"मग नाही पाठवायची."

"शेगडी चांगली आहे."

"निनाद, तिला इथली चूल माहीत आहे," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की मलाच नवल वाटलं. "इथलं सगळं तिच्या सवयीचं आहे. शेगडीपायी कोणाला घराबाहेर काढायचं नसतं."

तो बरं म्हणाला आणि तांडा निघून गेला. पाठीमागे आईचं पावटे सोलणं थांबलं होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या म्हातारीला पांघरूण तरी आहे का जाडसर?"

त्या दिवसापासून मी म्हातारीच्या खोलीच्या मागे लागले. तिची खोली बोळाच्या टोकाला होती ती हलवून चुलीशेजारी आणली. न्हाणीघरही तिच्या बाजूला ओढलं. सुताराच्या खोलीचा कोपरा मध्ये येत होता म्हणून त्याची खोली पाडली, आणि तो बिचारा दोन दिवस कोठारात झोपला. बिछान्यापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून न्हाणीघरापर्यंत वाट अगदी सरळ केली. वाटेतले पेटारे उचलले, बाकडी उचलली. निनाद बघत होता. कसला चिरेबंदी अट्टहास आहे हा, असं तो हसतहसत म्हणालासुद्धा.

"आणि इथली भिंत तुटता कामा नये," मी माझ्याच नादात बोलत होते. "मध्ये दार नको, कोनाडा नको. डाव्या हाताला भिंत सलग लागली पाहिजे, म्हणजे ती चुकणार नाही."

निनादचं हसणं थांबलं.

"शर्वरी, म्हातारीची कंबर अधू आहे," तो म्हणाला. "डोळे चांगले आहेत तिचे."

पडद्यावर म्हातारी काठी टेकत सरळ वाटेने चुलीकडे निघाली होती, मधोमध चालत, भिंतीला हातही न लावता.

"तुझ्या घरी कोणाला दिसत नाही का?" त्याने विचारलं. विचारलं अगदी मऊपणाने, पण मी नंतर बोलते असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला आणि लॅपटॉप बंद केला. आईला सगळं ऐकू गेलंच होतं. ती उठली, भिंतीला हात लावून आत गेली आणि पावट्यांची उसळ फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी निनादचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता पत्रिका परत काढतील, असं मी मनाशी धरून चालले. सदूमामाला कळल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्याने मला फैलावर घेतलं. एवढं जपून आणलेलं स्थळ एका व्हिडिओ गेमपायी घालवलंस, लहान आहेस का खेळायला? मी ऐकून घेतलं. पण मग तो म्हणाला की, अजून वेळ गेलेली नाही, त्याला फोन करून सांग, लॅबमधली कोणी मैत्रीण आहे आंधळी, तिच्यावरून सुचलं.

आई तिथेच बसली होती. तिने मान खाली घातली.

मला राग क्वचित येतो, पण तेव्हा आला आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. मामाला मी म्हटलं, फोन करते, आत्ताच करते, तुझ्यासमोर. आई म्हणाली, "बाय, शब्द दिलायस तू मला." मी म्हटलं, दिला होता, परत घेतला. आणि स्पीकर लावून नंबर फिरवला.

निनादने उचलल्याबरोबर मी बोलत सुटले, कारण थांबले असते तर पुन्हा कुलूप बसलं असतं. "माझ्या आईला दिसत नाही. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हाही दिसत नव्हतं. तिला लांज्याला ठेवायचं ठरलंय, पण मी ठेवणार नाही. मी जिथे राहीन तिथे ती राहील. हे चालत नसेल तर आत्ता सांग, उगाच पत्रिकेवर ढकलू नकोस."

मामाने कपाळाला हात लावला. मग फोनमधून एक विचित्र आवाज आला. तो रडतोय की हसतोय ते मला कळेना. तो हसत होता, पण नीट हसताही येत नव्हतं त्याला.

"मी देवरुखला आहे," तो म्हणाला. "तीन दिवस आईबाबांशी भांडतोय. तुला एक सांगायचं होतं, ते सांगू देत नव्हते."

"काय?"

"मी नाशिकला एकटा राहत नाही. माझी आत्या असते. मंदाआत्या. आठवीपासून मी तिच्याकडेच वाढलो. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालते. तिला दुसरं कोणी नाही. मुली हे ऐकून नको म्हणतात, म्हणून घरच्यांनी मुलगा एकटा राहतो असं सांगायला लावलं. लग्न झालं की मग कळेलच, म्हणाले."

अक्षता पडेपर्यंत तोंडाला कुलूप. तिकडेही एक सदूमामा असणार.

मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. "निनाद, ती खेळातली म्हातारी."

"सुरुवातीला माणसं निवडता येतात," तो पडेल आवाजात म्हणाला. "पाचही आपल्या पसंतीची. अशी माणसं कोणीच निवडत नाही. मी मुद्दाम घेतली. तू तिचं काय करतेस ते बघायचं होतं."

"म्हणजे परीक्षा घेत होतास माझी."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. तांडा आला त्या दिवशी फार वाटली. तू माझ्यावर ओरडलीस ना, शेगडीपायी कोणाला काढायचं नसतं म्हणून, तेव्हा आत्या शेजारीच बसली होती. तिने ऐकलं. तेव्हापासून रोज माझ्यामागे लागलीय, त्या मुलीला खरं सांग म्हणून."

मला चिडायचं होतं. थोडी चिडलेही, दोनचार शब्द सुनावले, आणि त्याने ते निमूट ऐकून घेतले. पण बोलताबोलता जाणवलं की माझे खांदे खाली आलेत. कित्येक महिने ते कानाशी चिकटवून मी हिंडत होते आणि मला पत्ताच नव्हता. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी पलंगावर बसले आणि फोन हातात धरून मनसोक्त रडले. तिकडून निनाद मधूनमधून "आहेस ना?" असं विचारत राहिला.

आता आईच अडून बसली. डोळे पुसत होती, पण अडून बसली. तुमचं छान झालं, पोरांनो, पण जावयाच्या घरी सासूने राहायचं नसतं, असं तिने जाहीर केलं. आमच्यात तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. लोक काय म्हणतील, सदूला काय वाटेल. सदूमामाला काय वाटेल हे त्याच्या तोंडावर दिसतच होतं. दोन्ही डगरींवरचे पाय काढून तो बिचारा आता नुसता टेकायला जागा शोधत होता.

निनाद म्हणाला, घर माझं नाहीच, घर आत्याचं आहे. पण आईला ती वकिली वाटली. तेव्हा त्याने नाशिकला आत्यालाच फोन लावला, आमचं सगळं तिच्या कानावर घातलं आणि आमच्याशी जोडून दिला. मी फोन आईच्या हातात ठेवला.

मंदाआत्याचा आवाज जाड होता आणि तिला आडपडदा ठाऊक नव्हता. "विहीणबाई, मी मंदा," ती म्हणाली. "घर माझं आहे, तेव्हा जावयाचं कारण सांगू नका. आणि तुम्ही यायलाच पाहिजे असंही मी म्हणत नाही. तुमचा भाऊ लांजा म्हणतो, तुमची लेक नाशिक म्हणते. माझंही असंच झालं होतं. मी हॉस्पिटलात पडून होते आणि बाहेर सगळे मला कुठे ठेवायचं ते ठरवत होते. तर मी आपलं विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?"

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता ती म्हणणार, चांगलं आहे की लांजा. सदूमामालाही तसंच वाटलं असावं, कारण तो पुढे सरकला. आईने फोन दोन्ही हातांनी धरला, कानाशी घट्ट धरला, आणि मी जिथे बसले होते त्याच्या भलत्याच दिशेला बघत, एखाद्या लहान मुलीसारखं पटकन सांगून टाकलं.

"माझ्या लेकीजवळ," ती म्हणाली. "मला माझ्या लेकीजवळ राहायचंय हो."